छोट्या कॉलेजची स्विमिंग टीम: स्टाफ, रोस्टर आणि पैशाचं गणित (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी मंडळाच्या गणपतीत आरती संपली की कुणीतरी मला प्रसादाच्या रांगेतून बाजूला घेतं, तुमची मुलगी कॉलेजमध्ये पोहायची ना, आमच्याकडे पण एक आहे अकरावीत, स्कॉलरशिप किती मिळते हो? मग तिथेच हातात मोदक धरून अर्धा तास जातो. मुलगी चार वर्षं एका छोट्या कॉलेजच्या टीममध्ये होती, त्यातली दोन वर्षं मी तिथल्या पालकांच्या ग्रुपचा खजिनदार होतो, त्यामुळे पैशाची बाजू जरा जवळून बघितली. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून काढतोय. सगळं अमेरिकेतल्या कॉलेजांबद्दल आहे.

छोटं कॉलेज म्हणजे नक्की कुठलं?

मी बोलतोय ते मुख्यतः एनसीएएच्या डिव्हिजन ३ बद्दल. एनसीएए म्हणजे कॉलेजच्या खेळांची मुख्य संघटना, तिचे तीन डिव्हिजन. टीव्हीवर दिसतात ती डिव्हिजन १, मधली डिव्हिजन २, आणि ४०० च्या वर कॉलेजं असलेला सगळ्यात मोठा गट म्हणजे डिव्हिजन ३. आपल्या लोकांना वाटतं तीन नंबर म्हणजे तिसऱ्या दर्जाचं. अहो, एमआयटी डिव्हिजन ३ मध्ये आहे, शिकागो युनिव्हर्सिटी, एमरी, कार्नेगी मेलन, विल्यम्स, ॲमहर्स्ट सगळी तिथेच. आणि त्यांच्याच बरोबर पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियानातली हजार-बाराशे मुलांची, नाव कुणी ऐकलेलं नाही अशी कॉलेजं पण त्याच डिव्हिजनमध्ये. दोघांचं पैशाचं गणित मात्र एकदम उलटं असतं, ते खाली येईलच.

पोहण्याचा दर्जा म्हणाल तर ओहायोमध्ये गँबियर नावाच्या खेड्यात केनियन कॉलेज आहे, दोन हजारांच्या आत विद्यार्थी, त्यांच्या मुलांच्या टीमने १९८० ते २०१० सलग ३१ वर्षं डिव्हिजन ३ ची नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली. २०११ ला ती साखळी तोडली कुणी, तर तिथून तासाभराच्या आत असलेल्या डेनिसनने, तेही फक्त १ पॉइंटने. अशा ठिकाणी आमच्या पोरीला रिलेच्या बी टीममध्ये सुद्धा कुणी घेतलं नसतं.

स्कॉलरशिप किती मिळते?

शून्य. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देता येत नाही, नियमच आहे. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे जुन्या नावाजलेल्या कॉलेजांचा गट) डिव्हिजन १ मध्ये आहे पण तीही खेळासाठी देत नाही.

आता "मग शेजारच्यांच्या मुलाला तर ३० हजार मिळाले" याचं उत्तर. ते मेरिट एड (एड म्हणजे फीसाठी मदत) असतं, मार्कांवर, किंवा नीड एड, घरच्या उत्पन्नावर. खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना छापील ट्यूशनवर सरासरी ५० टक्क्यांच्या वर सूट देतात, म्हणजे लक्ष्मी रोडवरचा सेल, किंमत वाढवून लिहायची आणि मग कापायची. न पोहणाऱ्या मुलालाही तेच पॅकेज मिळायला हवं आणि एनसीएए ते तपासते सुद्धा. कोच फार तर ॲडमिशन्स ऑफिसला सांगू शकतो की हा मुलगा मला हवाय, एडच्या आकड्याला तो हात लावू शकत नाही. एखादा कोच फोनवर म्हणाला की पैशाचं मी बघतो, तर सावध व्हा.

खेळासाठी पैसे द्यायचे नाहीत, तिकीट विकलं जात नाही, मग कॉलेज टीम चालवतंच कशाला?

हा खरा प्रश्न आहे आणि तो फार कमी लोक विचारतात, मी पण पहिली दोन वर्षं विचारला नव्हता.

छोट्या कॉलेजला टीम हवी असते ती वर्ग भरायला. आकडे नुसते गणितासाठी घेतो, कुठल्या कॉलेजचे नाहीत. समजा टीममध्ये ३६ मुलं-मुली आहेत आणि सूट वगैरे जाऊन प्रत्येकाकडून कॉलेजला वर्षाला २५ हजार डॉलर्स निव्वळ मिळतात. झाले ९ लाख. त्यातली निम्मी मुलं पोहणं नसतं तरी आलीच असती असं धरा, तरी साडेचार लाख फक्त टीममुळे आले. त्यात हेड कोच, अर्धवेळ असिस्टंट, बसेस, टोप्या सगळं बसतं आणि वर उरतं. म्हणून अशा कॉलेजात हेड कोचला दरवर्षी टार्गेट दिलेलं असतं, यंदा १२ नवीन आण, १४ आण. तो तुम्हाला दर आठवड्याला फोन करतो, वाढदिवसाला मेसेज टाकतो, तेव्हा आपल्याला वाटतं आपल्या लेकरात काहीतरी दिसलं त्याला. दिसलं असेलही. पण तो सेल्समन पण आहे, त्याची नोकरी तुमच्या ॲडमिशनच्या डिपॉझिटवर आहे. वाईट वाटून घेऊ नका, मी घेतलं होतं थोडे दिवस.

श्रीमंत कॉलेजात हेच उलटं. तिथे अर्ज करणाऱ्यांची रीघ लागलेली असते, टीममधली प्रत्येक जागा म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी गेलेली सीट. डार्टमथचं बघा, आयव्ही लीगमधलं. जुलै २०२० मध्ये त्यांनी ५ टीम बंद केल्या, त्यात स्विमिंगच्या दोन्ही, आणि त्यामागचा जाहीर हेतू नुसता पैसा वाचवणं नव्हता तर भरती केलेल्या खेळाडूंची संख्या १० टक्क्यांनी कमी करणं हा होता. (जानेवारी २०२१ मध्ये मुलींच्या समान संधीच्या कायद्याचा मुद्दा निघाल्यावर पाचही परत आणल्या.) म्हणजे एकीकडे कोचला सांगतात माणसं आण, दुसरीकडे सांगतात माणसं कमी कर, आणि खेळ एकच. तुम्ही बघताय ते कॉलेज यातलं कुठलं हे कळलं की बाकी अर्ध्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

स्टाफमध्ये कोण कोण असतं?

कॉलेजच्या साइटवर स्टाफचं पान उघडलं की पाच-सहा हसरे फोटो दिसतात आणि वाटतं वा काय ताफा आहे. नीट वाचा. पूर्ण वेळ बहुतेक एकच माणूस असतो, हेड कोच, मुलं आणि मुली दोन्ही टीमचा मिळून एक. त्याच्या नावाखाली दुसरी ओळ असेल "ॲक्वाटिक्स डायरेक्टर". ती ओळ महत्त्वाची आहे, तिचा अर्थ पूलचं केमिकल, लाइफगार्डच्या ड्युट्या, गावातल्या लहान मुलांचे क्लासेस, संध्याकाळी आजी-आजोबांचं वॉटर एरोबिक्स हे सगळं याच माणसाच्या गळ्यात. काही ठिकाणी तो फिजिकल एज्युकेशनचा वर्गही घेतो. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. आमच्या मुलीचा कोच सकाळी पावणेसहाला डेकवर, म्हणजे पूलच्या काठावर, असायचा आणि रात्री नऊला भरतीचे फोन करत असायचा.

मग असिस्टंट. पूर्ण वेळ असिस्टंट असेल तर ते कॉलेज टीमबद्दल सिरियस आहे असं समजा. बहुतेक ठिकाणी अर्धवेळ असतो, सीझनचे काही हजार डॉलर्स, दिवसा शाळेत शिकवतो नाहीतर क्लब टीमला कोचिंग करतो. कॉलेजात मास्टर्सचे कोर्सेस असतील तर ग्रॅज्युएट असिस्टंट ठेवतात, फी माफ आणि थोडा स्टायपेंड, तो दोन वर्षांत जातो. त्यामुळे तुमच्या मुलाला चार वर्षांत तीन असिस्टंट दिसले तर त्यात भांडण-बिंडण काही नसतं, पद्धतच तशी. फोटोत दिसणारे बाकीचे, म्हणजे ॲथलेटिक ट्रेनर, वेट रूमचा कोच, निकाल साइटवर टाकणारा, हे सगळ्या खेळांमध्ये वाटलेले. आणि दोन स्टुडंट मॅनेजर, ज्यांच्याशिवाय खरं तर काही चालत नाही.

डाइव्हिंगचा कोच वेगळा का लागतो? आमचा तर डाइव्हिंग करतच नाही.

कारण पॉइंट्स. दोन कॉलेजांच्या मीटला, म्हणजे स्पर्धेला, साधारण १६ इव्हेंट्स असतात त्यातले दोन डाइव्हिंगचे, १ मीटर आणि ३ मीटर बोर्ड. सहा किंवा जास्त लेनच्या पूलमध्ये पहिल्याला ९, मग ४, ३, २, १. समोरच्यांकडे तीन डाइव्हर आणि आपल्याकडे एकही नाही, तर एका बोर्डवर ९ आणि ४ आणि ३ म्हणजे १६, दोन्ही बोर्ड मिळून ३२ पॉइंट त्यांना आयते. रिले जिंकली तर मिळतात ११. म्हणजे जवळजवळ तीन रिले हरल्यासारखं, पाण्यात उतरायच्या आधीच. तरी डाइव्हिंग कोच हा बहुधा सगळ्यात कमी पैसे मिळणारा माणूस, पाऊण तास गाडी चालवून आठवड्यातून तीनदा येतो, आणि तो सोडून गेला की तो सीझन गेलाच.

रोस्टर (टीममधल्या खेळाडूंची यादी) मोठं चांगलं की लहान?

सरसकट उत्तर नाही. लहान म्हणजे मुलं १०, मुली ९ अशी टीम असेल तर तुमच्या मुलाला प्रत्येक मीटला तीन इव्हेंट पोहायला मिळतील, रिलेत जागा पक्की, चारही वर्षं. पण दोघं आजारी पडले की रिले उभी राहत नाही आणि डीनच्या डोळ्यावर ती टीम यायला वेळ लागत नाही. मोठं रोस्टर, दोन्ही मिळून ५०-६०, तिथे प्रॅक्टिसला जीव येतो, एका लेनमध्ये सहा जण, पण सहा लेनच्या पूलमध्ये साठ जण म्हणजे टिळक तलावाची मे महिन्यातली बॅच. कोच दोन शिफ्ट लावतो का विचारा, आणि डेकवर दुसरा कोच असतो का.

रोस्टर कसं वाचायचं? नुसती नावंच तर असतात.

इथे वेळ घालवा, एक शनिवार सकाळ द्या, चहा घेऊन बसा. कॉलेजच्या साइटवर जुन्या वर्षांची रोस्टर्स पण ठेवलेली असतात, मागची चार उघडा आणि शेजारी शेजारी ठेवा.

आधी बघा पहिल्या वर्षाला किती होते आणि तेच लोक चौथ्या वर्षाला किती उरले. १४ आले आणि ४ उरले तर काहीतरी आहे. थोडी गळती सगळीकडे असते, स्कॉलरशिप नसल्यामुळे सोडायला काही लागत नाही, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि पहाटेची प्रॅक्टिस एकत्र जमत नाही, कुणी परदेशी सेमिस्टरला जातं. पण दोन-तृतीयांश गळणं म्हणजे कोच भरती चांगली करतो आणि सांभाळत नाही, किंवा भरतीच इतकी सैल आहे की ज्यांना पोहायचंच नव्हतं त्यांनाही आणलंय. मघाशी म्हटलं ना टार्गेट, त्याचा हिशोब ऑगस्टला येणाऱ्या डोक्यांवर होतो, तिसऱ्या वर्षी टीममध्ये राहणाऱ्यांवर नाही. तुमचा मुलगा पोहणं सोडून कॉलेजातच राहिला तर कॉलेजचं काही बिघडत नाही, फी चालूच.

मग तुमच्या मुलाचा स्ट्रोक. ब्रेस्टस्ट्रोकवाले पाच आहेत आणि त्यातले तीन सेकंड इयरला, म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं रांगेत उभं राहायचंय. पाचही सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाला, असतील तर कोच कासावीस असणार, फोन उचलाच. टायमिंग स्विमक्लाउड नावाच्या साइटवर मिळतात सगळ्यांचे. कोच म्हणतो "तू आमच्याकडे लगेच पॉइंट्स मिळवशील", तर ते खरं की लोणी लावणं हे दहा मिनिटांत कळतं. एक लक्षात ठेवा, कॉलेजचे टाइम यार्डातले असतात, २५ यार्डाच्या पूलमधले, आपल्या इंडियातल्या भावाच्या ५० मीटरच्या टँकमधल्या टायमिंगशी तुलना करून घरात वाद घालू नका.

आणि गावं बघा, कुठल्या राज्यांतून, कुठल्या क्लबांमधून मुलं येतात. एकाच क्लबमधून दरवर्षी एक-दोन येत असतील तर तिथला क्लब कोच या कॉलेज कोचवर विश्वास ठेवून आहे, ही सगळ्यात चांगली खूण.

रोस्टरवर नाव आलं म्हणजे सगळ्या मीटला पोहणार ना?

घरच्या मीटला हो, बहुतेक. बाहेरच्या मीटला बसमध्ये जागा किती त्यावर. सीझन संपताना फेब्रुवारीत कॉन्फरन्स (आपसात स्पर्धा करणाऱ्या कॉलेजांचा गट) चॅम्पियनशिप असते, तिथे बऱ्याच कॉन्फरन्समध्ये टीमला ठराविक संख्याच नेता येते, आणि डाइव्हर पूर्ण एक न धरता अर्धा वगैरे धरतात, त्यावरून कोच लोक रात्र रात्र कागद खरडत बसतात. माझी मुलगी पहिल्या वर्षी त्या यादीत नव्हती. ऑक्टोबरपासून पहाटे उठून शेवटी तीन दिवस लॅपटॉपवर मैत्रिणींना बघत बसली. कोचने आधी सांगितलं असतं तर एवढं लागलं नसतं, आम्हीही विचारलं नव्हतं. म्हणून विचारा: कॉन्फरन्सला किती नेता, आणि ज्यांना नेत नाही त्यांच्यासाठी शेवटची मीट ठेवता का? चांगले कोच ठेवतात, तिलाही टेपर (मोठ्या मीटआधी प्रॅक्टिस कमी करत नेणं) आणि दाढ्या वाढवणं-काढणं असा सगळा सोहळा असतो.

३० ची लिमिट आली आहे म्हणे रोस्टरवर?

ती डिव्हिजन १ ची गोष्ट. हाऊस केस म्हणून खटला होता, जून २०२५ मध्ये त्याची सेटलमेंट मंजूर झाली, आता तिथली कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर्सपर्यंत. त्या बदल्यात स्कॉलरशिपच्या संख्येची मर्यादा गेली आणि रोस्टरची आली, स्विमिंगला मुलं ३०, मुली ३०. एसईसी कॉन्फरन्सने मुलांना स्वतःहून २२ वरच थांबवलं. पैसा जातो फुटबॉल-बास्केटबॉलला हे सांगायला नको. डिव्हिजन ३ या करारात नाही, पण धक्का खालपर्यंत येतो: जी मुलं वरच्या टीममध्ये एकतिसावी-बत्तिसावी ठरली ती आता खाली विचारणा करतायत, आणि छोट्या चांगल्या टीममधल्या जागा त्यामुळे अवघड झाल्यात. कॅल पॉलीने तर मार्च २०२५ मध्ये स्विमिंगच बंद केलं आणि कारणांत या सेटलमेंटचं नाव घेतलं.

टीमचं बजेट बघायला मिळतं का? कोच तर सांगत नाही.

मिळतं! आणि हे कुणाला माहीतच नसतं. ज्या को-एड कॉलेजला सरकारी विद्यार्थी मदत मिळते आणि ज्याच्या खेळाच्या टीम आहेत त्याला दरवर्षी १५ ऑक्टोबरपर्यंत शिक्षण खात्याकडे आकडे द्यावे लागतात, १९९४ च्या कायद्याने, ईएडीए म्हणतात त्याला. तो सगळा डेटा खात्याच्या साइटवर फुकट आहे. कॉलेजचं नाव टाका, खेळानुसार खेळाडू किती, कोच पूर्ण वेळ किती, अर्धवेळ किती, खर्च किती सगळं दिसतं. मघाचे हसरे फोटो आणि हा तक्ता शेजारी ठेवून बघा, मजा येते.

वाचताना दोन गोष्टींत फसायला होतं. तिथे "ऑपरेटिंग एक्स्पेन्स" म्हणून जो आकडा आहे त्यात कोचचा पगार नसतो, फक्त प्रवास, राहणं, जेवण, युनिफॉर्म, साहित्य, अंपायर-रेफ्रीचे पैसे. त्याला खेळाडूंच्या संख्येने भागा आणि त्याच कॉन्फरन्समधल्या इतर चार कॉलेजांशी ताडून बघा. एकाकडे डोक्याला ७०० आणि शेजारी १८०० असेल तर बसमध्ये सँडविच मिळणार का घरून पोळीचा रोल न्यायचा ते तिथेच कळलं. दुसरं म्हणजे उत्पन्न. बऱ्याच छोट्या कॉलेजांत उत्पन्न आणि खर्च अगदी डॉलरला डॉलर जुळलेले दिसतात. स्विमिंगने एवढं कमावलं कसं म्हणून मी थक्क झालो होतो, नंतर कळलं की कॉलेज स्वतः जे पैसे घालतं तेच उत्पन्न म्हणून लिहितात. या खिशातून त्या खिशात. उत्पन्नाचा रकाना सोडून द्या.

पूलचा खर्च कुठे दिसतो?

टीमच्या बजेटमध्ये जवळजवळ कधीच नाही. मीटसाठी पाणी ७९ ते ८१ फॅरनहाइटवर ठेवावं लागतं, पाणी तापवणं, हवा बदलत राहणं, क्लोरीन, हे इमारतींच्या खात्यावर पडतं. म्हणून एरवी स्विमिंग स्वस्त दिसतं, आणि ज्या दिवशी छत गळायला लागतं किंवा फिल्टर जातो त्या दिवशी अचानक मोठ्ठा आकडा टीमच्या नावावर येतो. भेटीला जाल तेव्हा पूलमध्ये पाच मिनिटं नुसते उभे राहा. डोळे चुरचुरले आणि खोकला आला तर हवेची यंत्रणा म्हातारी झालीय. छताला बादली लावलेली असेल तर हसू नका, तारीख विचारा, दुरुस्ती कधी आणि पैसे आलेत का.

ट्रेनिंग ट्रिप आणि तो महागडा सूट, हे कोण भरतं?

जानेवारीत सुट्टीत टीम फ्लोरिडाला वगैरे जाते आठ-दहा दिवस, दिवसातून दोनदा पोहायला. काही कॉलेजं सगळं देतात, काही अर्धं, काही ठिकाणी मुलांनी भरायचं नाहीतर फंडरेझिंग करायचं. आमच्याकडे मुलांनी क्लब मीटला टायमिंग केलं, फुटबॉलच्या मॅचला हॉटडॉग विकले (आमच्या शाकाहारी लेकीने पण विकले, आजीला अजून सांगितलेलं नाही), लहानांना पोहायला शिकवलं. रेसिंगचा सूट २०० पासून ६०० डॉलर्सपर्यंत जातो आणि थोड्याच मीटमध्ये ढिला पडतो. टीम एक देते का, डिस्काउंटने देते का, का काहीच नाही, हे विचारा. यात लाजायचं काही नाही, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं. ज्यांना परवडत नाही त्यांचं काय करता हाही प्रश्न विचारा, उत्तर देताना कोच अडखळला तर समजा.

नॅशनल्सला क्वालिफाय झालं तर त्या प्रवासाचा खर्च एनसीएए करते. डिव्हिजन ३ ला एनसीएएच्या उत्पन्नातले ३.१८ टक्के मिळतात, त्यातला मोठा भाग या चॅम्पियनशिप्सवरच जातो.

आम्ही डोनेशन दिलं तर मुलाला फायदा होतो का?

नाही, आणि तसं सुचवू पण नका. दिलंत तर टीमच्या फंडाला द्या आणि पावतीवर टीमचं नाव आहे ना बघा, नाहीतर ते ॲथलेटिक्सच्या जनरल फंडात जातं आणि सॉकरच्या गोलपोस्टला रंग लागतो. मी खजिनदार असताना हे एकदा झालंय. गिव्हिंग डेला (कॉलेजचा वर्षातला देणग्या गोळा करायचा दिवस) मात्र पाच डॉलर्स का होईना द्या, कारण तिथे बहुतेक वेळा किती जणांनी दिलं हे मोजतात.

टीम बंद पडू शकते का?

पडू शकते. आयोवा युनिव्हर्सिटीसारख्या दांडग्या ठिकाणी पडली, तीही २०१० मध्ये नवा कोरा पूल बांधलेला असताना. ऑगस्ट २०२० मध्ये चार खेळ बंद जाहीर झाले, मुलींनी टायटल नाइनखाली कोर्टात नेलं, त्यांची टीम परत आली, मुलांची गेली ती गेलीच. टायटल नाइन म्हणजे १९७२ चा कायदा, मुलामुलींना समान संधी. त्याचा एक मापदंड असा की विद्यार्थ्यांत मुली जितके टक्के तितक्याच साधारण खेळाडूंमध्ये हव्यात. कॉलेजात मुली जास्त आणि फुटबॉलला शंभर मुलगे, मग तराजू सरळ करायला कुठला तरी मुलांचा खेळ काढतात, आणि स्विमिंग हाताशी असतं. दोष फुटबॉलच्या शंभरांचा, खापर फुटतं पोहणाऱ्या मुलांवर, आणि घरी येऊन ती शिव्या देतात कायद्याला. हे मला पटत नाही, पण हिशोब असा आहे खरा.

छोट्या कॉलेजात टीमपेक्षा कॉलेजच बंद पडायची काळजी जास्त. २००८ नंतर अमेरिकेत जन्म कमी झाले, ती पिढी आत्ताच कॉलेजच्या वयात येतेय, म्हणजे ज्या वर्गाच्या भरतीवर सगळं उभंय तोच आटतोय. हेड कोच गेल्यावर सहा महिने "अंतरिम" पाटी, रोस्टर तीन वर्षं सलग घसरतंय, असिस्टंटची जागा भरलीच नाही, आणि कॉलेजने नुकतेच दोन-तीन मेजर्स बंद केलेत, एवढं एकत्र दिसलं तर दुसरीकडे बघा.

इंडियातून भाचा यायचं म्हणतोय, चालेल?

चालेल, कोच लोकांना आवडतं सुद्धा. पण त्याला फेडरल एड, म्हणजे सरकारी मदत, मिळत नाही, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेज स्वतःच्या खिशातून किती देतं हा एकच प्रश्न उरतो. एफ-१ व्हिसावर कॅम्पसमध्ये सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, लाइफगार्डचं काम पूलमध्येच मिळून जातं.

पहिल्या फोनवर कोचला काय विचारायचं?

एक तर फोन मुलाने करायचा, तुम्ही नाही. तुम्ही शेजारी बसून खुणा पण करायच्या नाहीत. मुलाने विचारावं: यंदा किती जण घेताय, गेल्या वर्षी आलेल्यांतले किती अजून पोहतायत, तुम्ही अजून किती वर्षं इथे आहात असं वाटतं. शेवटचा जरा आगाऊ वाटतो, पण विचारावा. आमच्या मुलीने विचारला तेव्हा कोच हसला आणि म्हणाला माझी मुलगी इथल्या शाळेत सातवीत आहे, ती बारावी होईपर्यंत तरी मी कुठे जात नाही. त्या एका वाक्यावर तिने ठरवलं. अर्ली डिसिजनला अर्ज करण्याआधी मात्र फायनान्शियल एडचा प्री-रीड (किती मदत मिळेल याचा आधीच अंदाज) मागा, कारण अर्ली डिसिजन बांधून घेणारं असतं, प्रवेश मिळाला की तिथेच जायचं, नंतर घासाघीस होत नाही.

आणि मधेच सोडलं तर?

सोडू द्या. फी बदलत नाही, एड बदलत नाही, हाच तर स्कॉलरशिप नसल्याचा फायदा. आमची तिसऱ्या वर्षी सोडणार होती, खांदा दुखायचा. कोचने तिला मॅनेजर केलं, स्टॉपवॉच दिलं हातात, आणि चौथ्या वर्षी ती परत पाण्यात उतरली. कॉन्फरन्सला गेली त्या वर्षी, दोनशे ब्रेस्टला सोळावी आली, एक पॉइंट मिळाला. ती हीट शीट (कोण कुठल्या शर्यतीत याचा कागद) अजून फ्रिजवर आहे.